गोळीही घेईन, प्रार्थनाही करीन

नाशिकमध्ये मी बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. आधी मैदानात गोल आणि आठ, मग कॉलनीतले रस्ते, मग मोठा रस्ता. शेवटचा धडा द्वारकेचा. द्वारकेच्या चौकातून ट्रक, रिक्षा आणि बसच्या मधून जिने न घाबरता गाडी बाहेर काढली, ती माझ्याकडे पास.

त्या दिवशी शबानाचा नंबर होता. जुन्या नाशकात राहणारी, तीन मुलांची आई. तिला गाडी जमणार नाही असं तिच्या घरी सगळ्यांचं ठाम मत होतं. ती गाडी चालवत होती, मी मागे बसले होते. चौक पार झाला तशी ती एवढ्या जोराने ओरडली की रिक्षावाले वळून बघायला लागले. "ताई, निघाली! निघाली ना गाडी!"

आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबलो. रसाचा थंडगार ग्लास हातात घेतल्याचं मला आठवतं. त्यानंतरचं काही आठवत नाही.

शुद्ध येताना आधी आवाज आले. कुणी म्हणत होतं, "बाईच्या अंगात आलंय." दुसरं कुणी म्हणालं, "चप्पल हुंगवा, लवकर." घामाचा आणि कातड्याचा उग्र वास नाकाशी आला. मग शबानाचा आवाज आला, "ओ भाऊ, चप्पल पायात घाला तुमची! ताईला हात लावायचा नाय!"

मी कुशीवर होते. डोक्याखाली तिची पर्स होती. हळूहळू लक्षात आलं की माझी सलवार ओली झाली आहे आणि भोवती निदान वीसएक माणसं उभी आहेत. माझं वय तेव्हा पंचेचाळीस. त्या क्षणी मेले असते तर बरं, असं वाटलं. शबानाने स्वतःची ओढणी काढली, माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि उघड्या डोक्याने रिक्षात माझ्याशेजारी बसली. ओढणीशिवाय ती कधी दाराबाहेर आलेली मी पाहिली नव्हती.

मी ख्रिस्ती आहे. देव कुणाच्या हातून मदत पाठवतो याबद्दल माझ्या मनात काही पक्क्या कल्पना होत्या. त्या द्वारकेच्या चौकात मोडल्या.

फेफरं

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी पहिला प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारला, "हे यांना कधीपासून होतंय?"

विजय सिन्नरच्या कारखान्यात कामाला आहे. तसा मोजकं बोलणारा माणूस. मला वाटलं, म्हणेल आजच झालं. पण तो म्हणाला, "दीड-दोन वर्षं असेल. बोलता बोलता मधेच थांबते. हाक मारली तरी ओ देत नाही. हातातला कप पडतो. मग म्हणते, काय झालं?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, "एपिलेप्सी आहे. म्हणजे फेफरं. मेंदूचा आजार आहे हा. बाहेरचं वगैरे काही नसतं. गोळ्या रोज घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. बहुतेकांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात राहतात. जागरण नको. गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही. आणि गाडी बंद."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

"मॅडम, मी गाडी शिकवते. तेच माझं काम आहे."

"मग तुम्हाला जास्त अवघड जाणार आहे," एवढंच म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

जिना उतरताना विजयने माझा दंड घट्ट धरला होता. खाली आल्यावर हळूच म्हणाला, "घरी फेफरं म्हणू नकोस. चक्कर म्हण."

"का?"

"लोक काय काय बोलतात, एस्तर. करुणाचं लग्न व्हायचंय अजून."

करुणा आमची एकुलती मुलगी. पुण्यात नोकरी करते. तिला त्याच संध्याकाळी मी फोन केला आणि पहिलाच शब्द फेफरं उच्चारला. ती रडली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, मम्मी." विजय दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

वॉर्ड

गोळ्यांचं प्रमाण बसेपर्यंत मला दवाखान्यात ठेवलं. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या, मग चहा, मग ब्लडप्रेशर, मग डॉक्टरांचा राउंड आणि त्यानंतर लांबलचक रिकामी दुपार. डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढायचे. तो झाला की केसांत चिकट गोळे राहायचे. एका दुपारी मी ते नखांनी ओढत होते आणि रडत होते. शेजारच्या खाटेवर देवळ्याकडची एक म्हातारी होती, कांद्याच्या शेतात आयुष्य काढलेली. ती उठली, तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्या मागे बसली. "रडू नको माय, आते निघी जाई," म्हणत तिने एकेक गोळा बोटांनी सोडवला. तिला स्वतःला उठताना त्रास व्हायचा.

प्रार्थना मला तिथे जमत नव्हती. डोळे मिटले की भीती वाटायची, पुन्हा उघडतील ना? मग मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायला लागले. छतावरच्या पंख्याकडे बघत म्हणायचे, प्रभू, मी इथे आहे, तू पण इथेच थांब. याहून मोठी प्रार्थना मला आजही सुचत नाही.

रविवार

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी शब्बाथशाळा, मुलांचा रविवारचा वर्ग, घ्यायचे. लहान मुलांना पुठ्ठ्याच्या ढाली आणि शिरस्त्राणं करून द्यायचे. विश्वासणाऱ्याची लढाई माणसांशी नसून सैतानाशी आहे, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मुलं पुठ्ठ्याच्या तरवारींनी एकमेकांना बडवायची आणि मी ओरडायचे, "अरे, शत्रू तो नाही!"

दवाखान्यातून आल्यावरच्या एका रविवारी, उपासनेत गीत चालू असताना, मला फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा माझ्याभोवती मोठं रिकामं वर्तुळ होतं. माझ्याजवळ फक्त विजय गुडघ्यावर बसला होता. बायांनी आपापली मुलं उचलून बाहेर नेली होती. ज्यांची नाकं मी पुसली होती ती मुलं दारातून डोकावत होती आणि त्यांच्या आया त्यांना मागे ओढत होत्या.

दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या एका बाईंचा फोन आला. "एस्तरताई, तुम्ही आता आराम करा. शब्बाथशाळेचं आम्ही बघतो." आवाज गोड होता. मी हो म्हणाले आणि फोन ठेवून उशीला गुद्दे मारले.

माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आईच म्हणते, हे सगळं पाहिलं होतं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "हा शत्रूचा हल्ला आहे. देवाच्या घरातच पाडलं तुला त्यानं. साधं दुखणं असतं तर देवळात आलं असतं का?" माझ्यावर त्यांचा जीव आहे. बाळंतपणात त्यांनीच माझं सगळं केलं. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी हमखास उत्तर देणारा हवा असतो.

तो त्यांना सापडला.

बंधू

त्याचं नाव लिहीत नाही. सगळे त्याला बंधू म्हणत. बाहेरगावचा, भुतं काढण्यासाठी प्रसिद्ध. तो चार-पाच जणांना घेऊन आमच्या हॉलमध्ये बसला. त्याने बायबलमधली ती गोष्ट वाचली, ज्यातला मुलगा अशुद्ध आत्म्याच्या जोराने विस्तवात आणि पाण्यात पडायचा. मग पुस्तक मिटून माझ्याकडे बघितलं.

"भगिनी, कोणतं पाप लपवलंय?"

मी आठवायला लागले. खरंच आठवायला लागले. रागावले होते, कुणाला टाकून बोलले होते, शेजारणीचा हेवा केला होता. ते सांगितलं.

"ते नाही. मोठं सांग."

"मोठं काही नाही, बंधू."

"मग सैतानाला दार कुठून उघडलं? कुणाच्या घरचं काही खाल्लं?"

"शबानाकडचा शीरखुर्मा खाल्ला होता. ईदेला."

खोलीत एकदम कुजबुज झाली. आईंनी ओढणीचंही सांगितलं. ती धुऊन, घडी करून मी कपाटात ठेवली होती, परत द्यायची म्हणून. बंधू म्हणाला, "ती आण. आत्ताच्या आत्ता जाळायची. आणि त्या गोळ्याही बंद. एका हातात देव आणि एका हातात गोळी, असं चालत नाही. उपास-प्रार्थना संपेपर्यंत गोळीला शिवायचं नाही."

"ओढणी मिळणार नाही," मी म्हणाले. "ती माझी नाही. जाळायची असेल तर आधी मला जाळा."

विजय मध्ये पडला. "ओढणीचं राहू द्या, बंधू. गोळ्यांचं बघू."

ओढणीसाठी मी भांडले. गोळ्यांसाठी भांडले नाही. दमले होते. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, शब्द सापडायचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर बंधूचं म्हणणं खरं निघावं, असं मलाही वाटत होतं. प्रार्थना केली, उठले, गाडीला किल्ली लावली, इतकं सोपं व्हावं असं कुणाला वाटणार नाही? विजयने गोळ्यांचं पाकीट कपाटावर ठेवून दिलं.

उपास अजून चालूच होता. एका सकाळी आई दूध आणायला खाली गेल्या होत्या. विजयसाठी मी तवा तापत ठेवला. मला पुन्हा आठवतं ते जळल्या मांसाचा वास आणि आईंची किंकाळी. माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत तव्याच्या कडेवर पडून राहिला होता. त्यानंतर पुन्हा शुद्ध गेली आणि फिटवर फिट आली. मला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

हे वाचणाऱ्याला मी हात जोडून सांगते. कुणीही, कितीही मोठा देवमाणूस असो, गोळी बंद कर म्हणाला तर त्याला दार दाखवा. प्रार्थना करायची असेल तर खुशाल करू द्या.

उत्तर

घरी आल्यावर भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग रोज करावं लागायचं. ते आई करायच्या. पट्टी सोडवताना त्या माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत.

बंधू पुन्हा आला, कुणीही न बोलावता. बसल्याबसल्या म्हणाला, "विश्वास कमी पडला, भगिनी."

दवाखान्यात पडल्यापडल्या मी ती गोष्ट पुन्हापुन्हा वाचली होती. म्हटलं, "बंधू, त्या दिवशी तुम्ही त्या मुलाची गोष्ट वाचलीत. पण थोडीशीच. प्रभूनं त्याच्या बापाला विचारलं, हे याला कधीपासून होतंय? माझ्या डॉक्टरबाईंनीही पहिलं हेच विचारलं. पाप कोणतं केलंस, असं त्या मुलाला विचारलं का प्रभूनं?"

उत्तराची वाट न बघता मी पुढे म्हटलं,

"कुणाकडचं काय खाल्लंस, विचारलं?"

"पण आत्मा बाहेर काढला ना!"

"काढला. प्रभूनं काढला. तुम्हालाही जमत असेल तर काढा, मी इथेच बसलेय. सकाळची गोळी घेऊन बसलेय. माझा देव गोळीला घाबरणारा नाही."

"भगिनी, जिभेला आवर घाल."

"आणि शेवट वाचा ना. सगळे म्हणाले, पोरगा मेला. तेव्हा प्रभूनं त्याचा हात धरला आणि त्याला उठवलं. बंधू, तुम्ही माझ्या घरात इतका वेळ ओरडलात, पण माझ्या हाताला हात लावला नाहीत. लांब उभे राहिलात. मी पडले तेव्हा मला धरलं ते शबानानं."

तो उठून उभा राहिला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुझ्या तोंडून तोच बोलतोय."

इतका वेळ आई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. हातात माझ्या ड्रेसिंगची कात्री होती. त्या म्हणाल्या, "बंधू, ती माझी सून बोलतेय. मी चांगली ओळखते तिला. लग्न झाल्यापासून अशीच बोलते." मग म्हणाल्या, "तुम्ही आता या."

तो गेल्यावर त्या तिथेच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. मी एका हाताने त्यांना जवळ घेतलं.

पाळकसाहेब

तरी मनात प्रश्न होताच. मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. म्हातारे झालेत, ऐकू कमी येतं. झालेलं सगळं सांगितल्यावर त्यांना ओरडूनच विचारलं, "साहेब, सैतान आहे की नाही?"

"आहे की," ते म्हणाले.

"मग माझ्या डोक्यात तो आहे का?"

"तुझ्या डोक्यात आजार आहे. डॉक्टरनं सांगितलंय ना? सैतान कुठे काम करतोय ते तू बघ. लोकांनी मुलं उचलून नेली, तिथे. विजय म्हणाला चक्कर म्हण, तिथे. तुला वाटलं मेलेलं बरं, तिथे. माणसाला एकटं पाडायचं आणि तू कामाची नाहीस म्हणून कानात सांगत राहायचं, हा त्याचा जुना धंदा."

"मग लढायचं कसं?"

"तू मला विचारतेस? पोरांना ढाली तूच करून देत होतीस." ते हसले. मग गंभीर झाले. "त्या रविवारी मी वेदीपाशी उभा होतो, एस्तर. तुझ्याजवळ आलो नाही. मलाही भीती वाटली. येत्या रविवारी शब्बाथशाळा तू घे. मी वर्गात बसतो."

घेतली. पहिल्या रविवारी फार थोडी मुलं आली. मी त्यांना फेफरं म्हणजे काय ते सांगितलं, आणि कुणाला फिट आली तर काय करायचं तेही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, लवकर थांबली नाही तर डॉक्टरकडे न्यायचं, आणि शुद्ध येईपर्यंत जवळ बसायचं. मुलांनी पाळीपाळीने पाळकसाहेबांना आडवं करून कुशीवर वळवलं. ते बिचारे गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते.

माझी रोजची लढाई अशीच आहे. सकाळी गोळी घ्यायची. भाजीला एकटीने जायचं, भीती वाटली तरी. कुणी विचारलं तर फेफरं म्हणायचं, चक्कर म्हणायचं नाही. आता विजयही फेफरं म्हणतो, थोडा अडखळतो, पण म्हणतो. ओढणी मी परत केली तेव्हा शबाना म्हणाली, "एवढी इस्त्री कशाला केली ताई?" क्लास मी बंद केला नाही. आता मागच्या सीटवर शबाना बसते आणि मी मैदानाच्या मधोमध उभी राहून ओरडते. माझा आवाज पलीकडच्या गल्लीपर्यंत जातो असं म्हणतात. गाडीवर बसायची परवानगी अजून मिळालेली नाही. कधीकधी राग येतो. देवावरही येतो, आणि मी त्याला तसं सांगते.

पेठची मुलगी

गेल्या महिन्यात चर्चमध्ये, आमच्या बायकांच्या प्रार्थनासभेत, पेठकडची एक आई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव सुमन, वय सतरा-अठरा. फिट्समुळे तिला शाळा सोडावी लागली होती. मुलीची आई म्हणाली, "गोळ्या हायेत तिच्या. पण लोकं म्हणतात, देवावर भरवसा हाय तर गोळ्या कशाला? म्हणून बंद करायला आणलंय, तुमच्या प्रार्थनेनं."

मी काही बोलणार तेवढ्यात सुमन खुर्चीवरून खाली कोसळली.

बायका उठल्या. कुणी मोठमोठ्याने सैतानाला धमकावायला लागली, कुणी हात वर करून किंचाळायला लागली, दोघीजणी दाराकडे पळाल्या. मी जमिनीवर बसले, तिला कुशीवर वळवलं आणि मैदानातला आवाज काढला, "खाली बसा सगळ्या! प्रार्थना करायची तर बसून करा, हळू आवाजात करा. मुलगी आजारी आहे, बहिरी नाही."

आई, माझ्या सासूबाई, आपल्या जागेवरून उठल्या, गुडघे धरत धरत खाली बसल्या आणि सुमनचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मग एकेक करून बाकीच्याही खाली बसल्या. पळालेल्यांतली एक परत आली. कुजबुजत प्रार्थना सुरू झाली. सुमनचं अंग हळूहळू सैल पडलं.

तिने डोळे उघडले. आधी स्वतःच्या कपड्यांकडे बघितलं, मग भोवतीच्या बायकांकडे. मला ते बघणं पाठ आहे.

"किती जणींनी पाहिलं?" तिने मला विचारलं.

"सगळ्यांनी पाहिलं. पाहू दे. मलाही पाहिलंय यांनी."

"तुम्हाला?"

"हो. मलाही फिट येते. याच जागी आली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. विश्वास बसत नव्हता तिचा. उठायला लागली तशी आईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पड गं जरा. घाई कसली आहे? आम्ही कुठे जात नाही."

मी तिच्या आईकडे वळले. "हिची गोळी कधीची असते?"

"रातची. पण आज..."

"आज पण द्यायची. उद्या पण. प्रार्थना आम्ही करतोय, ती थांबणार नाही. गोळीही थांबवायची नाही."

त्या बाईने बायकांकडे पाहिलं. मग तिने पिशवीत हात घातला, रुमालात गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ते सुमनच्या हातात दिलं. सुमनने मूठ घट्ट मिटली.